वर्तणूक चांगली, हजेरी पूर्ण

आमच्या गावच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी मला फसवलं. पाचवी ते आठवी या चार वर्षांत मी त्यांच्या शाळेत सगळे मिळून अकरा दिवस गेले आणि त्यांनी मला चारही वर्षं हजर दाखवलं. शेवटी शाळा सोडल्याचा दाखलाही लिहून दिला. त्यावर प्रगतीपुढे ‘समाधानकारक’ आणि वर्तणुकीपुढे ‘चांगली’ असं लिहिलंय. मला ओळखणारं कोणीही तो दाखला वाचून सांगेल की लिहिणाऱ्याची आणि माझी फारशी भेट झालेली नाही.

हे आत्ताच लिहायला बसले त्याला कारण आहे. गेल्या महिन्यात शाळेच्या फाटकाजवळच्या भिंतीवर माझा फोटो लागला. वर मोठ्या अक्षरांत ‘आमचे यशस्वी माजी विद्यार्थी’. माझ्या नावाखाली मी पुण्याजवळच्या ज्या कॉलेजात शिकले त्याचं नाव, आणि त्याखाली माझ्या धंद्याचं, म्हणजे केळी परदेशी पाठवण्याच्या कंपनीचं. फोटोला हार घातला नाही एवढंच. त्या कॉलेजाच्या दारात माझा पाय अडकला तो याच शाळेमुळे, ते मात्र कुठे लिहिलेलं नाही. म्हणून मी लिहिते.

फैजपूरहून सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, केळीची बाग. माय डी.एड. झालेली, पण तिला शिक्षिकेची नोकरी कधी लागली नाही. भरती निघेल, भरती निघेल म्हणत तिने प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली होती. मी पाचवीत गेले आणि बाराव्या दिवसापासून गेले नाही, त्याची गोष्ट अशी की गणिताच्या सरांनी फळ्यावर उदाहरण घातलं: एका व्यापाऱ्याने शंभर केळी विकत घेतली, त्यातली दहा सडली, तर उरलेली कशी विकावीत. मी उभी राहिले आणि म्हटलं, “सर, केळी मोजून कोणी घेत नाही. वजनावर घेतात.”

“पुस्तकात मोजून घेतलीत.”

“मग पुस्तकवाला व्यापारी नाही.”

वर्ग हसला. सर म्हणाले, “तुला इतकं येतं तर मग घरीच शीक.”

मी दप्तर उचललं आणि घरी आले. रागात नव्हते असं म्हणणार नाही, पण सरांनी सांगितलं तेच मी केलं होतं. आबांनी दोन दिवस समजावलं, नंतर ते बागेच्या कामात अडकले. तिसऱ्या दिवशी माय फैजपूरला गेली आणि येताना एक हजेरीपत्रक घेऊन आली. शाळेत असतं तसलंच, लांबट, जाड पुठ्ठ्याचं, साठ विद्यार्थ्यांसाठी साठ ओळींचं. तिने पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं. खालच्या एकोणसाठ ओळी कोऱ्या.

रोज सकाळी साडेदहाला ती ओट्यावर खुर्ची टाकून बसायची आणि माझं पूर्ण नाव पुकारायची, बापाच्या नावासकट. मी समोर सतरंजीवर. “हजर” म्हटल्याशिवाय पुढे सरकायची नाही. शिकवताना ती पुस्तकी मराठीत बोलायची, रागावली की घरच्या बोलीत यायची. त्यामुळे शाळा कधी सुटली ते मला घड्याळ न बघता कळायचं. हजेरीपत्रकाच्या शेवटी शेरा लिहायला एक रकाना होता आणि माय तो सोडत नसे. ‘केळी कापणी, दुपारनंतर हजर.’ ‘रुसून बागेत जाऊन बसली, गैरहजर.’ एका ठिकाणी लिहिलंय, ‘भांडण. चूक माझी.’ कोणत्या भांडणाबद्दल ते आता दोघींनाही आठवत नाही.

दुपारनंतर मी आबांबरोबर. व्यापारी बागेत यायचे, घडावर हात फिरवायचे आणि तोंड वाकडं करायचे. आबा मवाळ. समोरच्याने तोंड वाकडं केलं की यांचा चेहरा पडायचा. बारा वर्षांची असताना मी एका व्यापाऱ्याला म्हटलं, “भाऊ, माल वाईट आहे तर उन्हात इतका वेळ का उभे आहात?” तो आबांकडे बघून म्हणाला, “आबा, हिले शाळेत घाला ना.” आबा म्हणाले, “शाळेतच हाये ती.” त्या दिवसापासून भाव मी बोलायला लागले. बोलता बोलता आवाज चढायचा माझा, अजूनही चढतो. पण खोटं बोलून मी कधी सौदा केला नाही. ज्या घडाला डाग आहे तो मी आधी दाखवते, म्हणजे बाकीच्यांवर बोलताना माझ्या शब्दाला वजन राहतं.

दहावी आणि बारावी मी मुक्त शाळेच्या मंडळातून दिली. तिथे शाळेचा दाखला मागत नाहीत, जन्माचा चालतो. मार्क चांगले पडले. जळगावातलं कोणतंही कॉलेज मला मिळालं असतं. पण मला तिथे जायचं नव्हतं. मला अशा कॉलेजात जायचं होतं जिथे हजारोंतून निवडून मुलं घेतात, निबंध लिहायला लावतात, समोर बसवून प्रश्न विचारतात. मला वाटायचं, माल डोळ्यांनी पाहून घेणारं गिऱ्हाईक तेच. असल्या तीन कॉलेजांना मी अर्ज केले.

अर्जातला पहिलाच रकाना ‘शाळेचे नाव’. मी लिहिलं, ‘घर’. एका कॉलेजाच्या संगणकाने ते घेतलंच नाही, अर्ज पुढे जाईना. दुसऱ्याकडून पत्र आलं की ‘घर’ ही शाळा कोणत्या मंडळाशी संलग्न आहे ते कळवावे. मी कळवलं की ती माझ्या आईशी संलग्न आहे. पुन्हा काही आलं नाही. तिसऱ्याने मात्र निबंध वाचला. निबंधात मी शंभर केळ्यांच्या उदाहरणापासून सुरुवात करून सगळं लिहिलं होतं: अकरा दिवस, ओट्यावरची खुर्ची, व्यापारी, आबा. त्यांनी मुलाखतीला बोलावलं. त्याआधी कागदपत्रं तपासून घ्यायची होती आणि आमच्या भागाचं तपासणी केंद्र धुळ्याला होतं.

मी आणि आबा पहाटेच्या एसटीने निघालो. धुळ्याच्या त्या कॉलेजात पंख्याखाली चार टेबलं लावलेली. आमच्या वाट्याला आलेले कारकून जाड चष्म्याचे, शांत होते. अर्ज वाचता वाचता थांबले.

“ताई, शाळानं नाव काय लिखेल शे तुम्ही?”

“घर.”

“घर? हाई कोन्ता गावनी शाळा शे?”

आबा हसले, मी हसले नाही. मी समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, माझा आधार क्रमांक संगणकात घातला आणि पडदा माझ्याकडे वळवला. आता ते कार्यालयातल्या मराठीत बोलायला लागले, तेव्हाच मला शंका आली.

“तुमचं नाव तर इथे आहे. पाचवी, सहावी, सातवी, आठवी. नियमित विद्यार्थिनी. शाळा सोडल्याची नोंदसुद्धा आहे.”

“ती मी नाही.”

“आधार तुमचंच आहे ना?”

“आधार माझं असेल. मी तिथे नव्हते.”

“ताई, कॉम्प्युटर खोटं कशाला बोलेल?”

“त्याला सांगणारा बोलला असेल.”

माझा आवाज चढला होता. शेजारच्या टेबलावरची मुलगी आणि तिचे वडील वळून बघायला लागले. कारकून चिडले नाहीत. त्यांनी माझा निबंध आणि पडदा यांच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाले, “दोन्हींमधून एक खोटं शे. कोन्तं, ते मी कसं सांगू? मुलाखतीआधी शाळेचं पत्र आणा की तुम्ही तिथे येत नव्हता. नाहीतर अर्जात खोटी माहिती, असा शेरा पडेल. मग घेणार नाहीत.”

मुलाखतीला आठ दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले, तेव्हाच्या अकरा दिवसांनंतर पहिल्यांदा. मुख्याध्यापक खुर्चीतून उठून म्हणाले, “ये बेटा, नाव काढलंस गावाचं.” मुलाखतीची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. मी काम सांगितलं. ते पुन्हा बसले.

“नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद आहे, त्यात तुझं नुकसान काय? उलट बरं दिसतं.”

“माझा निबंध खोटा ठरतो.”

“निबंध कोण वाचतं?”

“जे मला घेणार आहेत ते.”

“मग निबंध बदल.”

“सर, मी शाळेत यायची का?”

“रजिस्टरप्रमाणे यायचीस.”

असं म्हणून त्यांनी कपाटातून सातवीचं हजेरीपुस्तक काढलं आणि माझ्यापुढे उघडलं, जणू त्यात माझाच फोटो असावा. माझं नाव होतं. नावापुढे ओळीने हजेरीच्या खुणा. मी तारखा बघत गेले. त्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला होता आणि आम्ही जळगावला दवाखान्यात होतो, जवळजवळ तीन आठवडे. त्या तीनही आठवड्यांत मी वर्गात हजर. हातावर सलाईन चालू होतं आणि इकडे गावात मी भूगोल शिकत होते. मी मोबाइल काढून पानाचा फोटो घेतला. त्यांनी पुस्तक मिटलं, पण उशीर झाला होता.

ते रागावले नाहीत, मऊ झाले. समोरचा मऊ झाला की मी सावध होते. म्हणाले, “माझ्यावर कशाला डोळे वटारतेस? आईला विचार. नाव राहू द्या म्हणून पत्र आहे, खाली सही कोणाची ती बघ.”

सही मायची होती. डी.एड.च्या प्रमाणपत्रासारखीच स्वच्छ, गोल.

घरी आले तेव्हा माय तूर निवडत होती. मी काही विचारण्याआधी तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

“सरांनी सांगितलं?”

“तू सांग.”

“तू शाळा सोडली तवा ते घरी आलते. म्हने, पटावरचं एक नाव कमी झालं त एक मास्तर जास्तीचा ठरीन, त्याले दूर कुठंतरी टाकतीन, लेकरंबाळं हायेत त्याले. अन म्हने, जागा टिकली त पुढच्या भरतीत तुमचंबी पाहू. तुमचं डी.एड. वाया नही जानार.”

“अन तू सही केली.”

“केली.”

“मले काऊन नही सांगितलं?”

“तू अकरा वर्साची होती. सांगितलं असतं त शाळेत जाऊन भांडली असती.”

“असतीच.”

“म्हनून नही सांगितलं.”

आठवीनंतरचा तो दाखलाही तिने पिशवीतून काढून दिला. चार वर्षं तिला भरतीची आशा दाखवली, आठवी संपताच दाखला हातात दिला. मी तिला बरंच बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला, बारावीनंतर पहिल्यांदाच, तिने ओट्यावर खुर्ची टाकली, मांडीवर जुनं हजेरीपत्रक घेतलं आणि माझं पूर्ण नाव पुकारलं. मी आत होते. मला ऐकू आलं. मी उत्तर दिलं नाही. तिने थोडा वेळ वाट बघितली आणि काहीतरी लिहिलं.

ती उठून गेल्यावर मी बघितलं. मुक्त शाळेच्या बारावीनंतरच्या कोऱ्या पानावर तारीख, माझं नाव, पुढे ‘गैरहजर’. शेऱ्यात: ‘भांडण. चूक माझी.’

तिथेच मला सौदा दिसला. माझ्या हातात दोन हजेऱ्या होत्या.

मी मायचं हजेरीपत्रक पिशवीत घालून पुन्हा मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांच्यासमोर डेंग्यूची पानं उघडली. मायच्या अक्षरात, ‘जळगाव, दवाखाना. गैरहजर.’ बाजूला मोबाइलवर त्यांचं पान ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही वाचलं, काढून पुसला, परत लावला.

“पत्र देतो,” ते म्हणाले. “पण शब्द माझे.”

त्यांनी लिहून दिलं: ‘सदर विद्यार्थिनीची उपस्थिती अनियमित होती.’

“अनियमित नाही, सर. नव्हतीच.”

“तेच ते.”

“तेच नाही. अनियमित म्हणजे मी शाळा बुडवायची. मी कधी बुडवली नाही. रोज साडेदहाला मी शाळेत होते. तुमच्या नव्हते.”

“बहुतांश काळ अनुपस्थित, असं लिहू?”

“बहुतांशही नको. अकरा दिवस लिहा.”

“अकरा लिहिलं तर बाकीच्या दिवसांचं काय उत्तर देऊ?”

“ते तुम्ही बघा. मी माझे अकरा मागतेय.”

त्यावर ते उठून खिडकीशी गेले. मी केळीच्या धंद्यात अशी खिडकी खूप वेळा पाहिली आहे. माणूस खिडकीशी गेला की त्याचा आकडा संपलेला असतो. ते परत आले आणि म्हणाले, “एवढंच मिळेल. घ्यायचं तर घे.” मी पत्र टेबलावरच ठेवलं. पत्राशिवाय जाणं धोक्याचं होतं, कारकुनाने स्पष्ट सांगितलं होतं. पण मी शाळा बुडवायची असं लिहिलेला कागद स्वतःच्या हाताने कॉलेजात नेला असता तर पुढे आयुष्यभर कोणाशी भाव बोलायची सोय राहिली नसती.

मुलाखतीला आबा बाहेर बाकावर बसले आणि मी आत तिघांसमोर. मधल्या बाई वयाने मोठ्या, केस पांढरे. माझ्या फाइलवर धुळ्याच्या केंद्राची लाल चिठ्ठी लावलेली मला दिसत होती. मी त्यांना काही विचारू दिलं नाही. पिशवीतून हजेरीपत्रक काढून टेबलावर ठेवलं, शेजारी शाळेच्या पानाचा छापून आणलेला फोटो.

“बाई, माझ्या मालात एक डाग आहे. तो मी आधी दाखवते.”

त्यांनी हजेरीपत्रक उघडलं. पहिली ओळ आणि खाली एकोणसाठ कोऱ्या ओळी बघून त्या थांबल्या. मग शेरे वाचायला लागल्या. ‘रुसून बागेत’ला हसल्या. ‘चूक माझी’ला हसल्या नाहीत. शेजारच्या सरांनी विचारलं, “आईने घरी लिहिलेली नोंद आम्ही शाळेच्या नोंदीपेक्षा खरी का मानावी?”

मी म्हटलं, “सर, एका पुस्तकात मी चार वर्षांत पंचेचाळीस दिवस गैरहजर आहे, कारणांसकट. दुसऱ्यात मी दवाखान्यात असतानाही वर्गात आहे. सगळा माल अव्वल आहे म्हणणाऱ्याकडून एकही व्यापारी घड घेत नाही. तुम्ही घ्याल का?”

बाईंनी विचारलं, “पंचेचाळीस तू मोजलेस?”

“एसटीत मोजले.”

नंतर अर्धा तास त्यांनी मला इतर प्रश्न विचारले आणि हजेरीची गोष्ट काढली नाही. निघताना बाई म्हणाल्या, “तुझ्या आईंना सांग, शेरे फार चांगले लिहितात.” मी ते घरी येऊन सांगितलं. मधल्या दिवसांत आम्ही कामापुरतंच बोलत होतो. माय म्हणाली, “अजून काय म्हने?” मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, दोनदा.

मला घेतलं. एका अटीवर: तालुक्याला जाऊन प्रतिज्ञापत्र करायचं. मी ते केलं. त्यात असं आहे की मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की मी पाचवीतील अकरा दिवस वगळता शाळेत जात नव्हते. खालची सही माझी. म्हणजे खोटी नोंद त्यांनी केली आणि शपथ मी घेतली. त्यांना कोणी शपथ घ्यायला लावली नाही, कोणी एक ओळीचं पत्रही पाठवलं नाही. सरकारी संगणकात मी आजही आठवी नियमित पास आहे.

मायवरचा राग माझा संपला. तिने चूक केली आणि चूक केली असं लिहून ठेवलं. ती भरती तिच्यासाठी कधी निघाली नाही. आता गावातली वीसेक मुलं दुपारी आमच्या ओट्यावर बसतात आणि जुन्या हजेरीपत्रकाच्या एकोणसाठ ओळींतल्या बऱ्याच भरल्या आहेत.

राहिला त्या भिंतीवरचा फोटो. तो काढा असं मी म्हणत नाही. शाळेला हवा असेल तर राहू दे, पण त्याखालचं ‘माजी विद्यार्थी’ खोडा आणि मला ज्यांनी शिकवलं त्यांचं नाव तिथे लिहा. आणि आणखी एक. त्या शाळेत हजेरी तोंडी घ्यायचे, मला आठवतं, त्या अकरा दिवसांत माझंही नाव पुकारलं गेलं होतं. नंतरची चार वर्षंही ते पुकारलं गेलं असणार, कारण वर्गात पन्नास मुलं बसलेली असताना नाव गाळून पुढे गेलं तर मुलं ओरडतात. तर मग दवाखान्यातल्या त्या तीन आठवड्यांत माझं नाव पुकारल्यावर ‘हजर’ कोण म्हणालं? कोणत्या मुलाला तसं म्हणायला शिकवलं होतं, की सर स्वतःच म्हणत होते? मुख्याध्यापक अजून नोकरीत आहेत, गावातच राहतात. त्यांनी शाळेच्या फाटकात, त्या फोटोखाली उभं राहून, गावासमोर याचं उत्तर द्यावं.